बास्तियानची सिगिरिया

बास्तियानला जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी सान मिगेलच्या वस्तीत त्याचं नाव त्याच्या बायकोसमोर, सालुदसमोर, कुणी काढत नसे. दक्षिण स्पेनमधल्या हेरेसच्या जुन्या जिप्सी घरांची रीतच तशी. माणूस गेला की त्याचे कपडे जाळायचे, फोटो कपाटात पालथे ठेवायचे, घरातलं गाणं-वाजवणं बंद करायचं आणि त्याचं नाव जिभेवर येऊ द्यायचं नाही. सालुदने टीव्हीवर चादर टाकली ती काढलीच नव्हती. नवऱ्याला गोगलगायी फार आवडायच्या, म्हणून मे महिन्यात सगळं शहर गोगलगायींच्या रश्श्यावर तुटून पडायचं तेव्हाही तिच्या घरात ते पातेलं चढत नव्हतं.

एलिसेओला हे सगळं ठाऊक होतं. तो त्याच घरात वाढलेला. तो दोन वर्षांचा असताना आई गेली, बापाने बार्सेलोनात दुसरा संसार थाटला, आणि काका-काकूंनी त्याला आपल्या मुलाबरोबर, गास्पारबरोबर, एका ताटात जेवू घालून मोठं केलं. काका बास्तियान दिवसभर वाइनच्या कोठारात पिंपं हलवायचा आणि घरी आला की गायचा. जन्मात त्याने एक रेकॉर्ड काढली नाही. पण काडिसहून, सेव्हिलहून माणसं त्याच्या स्वयंपाकघरात येऊन खुर्ची धरून बसायची. पुतण्याच्या हातात गिटार त्यानेच दिली. शिकवणी म्हणाल तर एकच : "गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघ, आपल्या बोटांकडे बघू नकोस."

चौतिसाव्या वर्षी एलिसेओ माद्रिदला होता आणि त्याचं नाव झालं होतं. बेर्ता नावाची माद्रिदचीच एक बाई त्याच्याबरोबर वाजवायची. वाजवायची म्हणजे तिच्यापुढे टेबलभर यंत्रं असत. त्यांतून ती ठोके काढी, गुरगुर काढी, मेट्रोच्या बोगद्यातला वारा काढी, आणि त्यावर एलिसेओची गिटार चाले. काही म्हातारे म्हणायचे, पोराने आपलं फ्लामेंको गाणं बिघडवलं. तो वाद घालत नसे. त्याला वाटायचं, आपल्या आज्यापणज्यांच्या गाण्यात भात्याचा आणि घणाचा आवाज आला, कारण ते लोहार होते. आपण मेट्रोच्या डोक्यावर सहा मजले राहतो, तर आपल्या गाण्यात तो आवाज यायला कुणाची हरकत?

तिसरी रेकॉर्ड जवळजवळ पुरी झाली तेव्हा शेवटच्या जागी काहीतरी कमी पडत होतं. बेर्ता म्हणाली, "इथे माणसाचा आवाज पाहिजे. म्हातारा. फाटलेला."

एलिसेओजवळ एक कॅसेट होती. तो सतरा वर्षांचा असताना एका रविवारी दुपारी काकांनी स्वयंपाकघरात सिगिरिया गायली होती, एलिसेओने साथ केली होती, आणि शेजाऱ्याच्या टेपरेकॉर्डरवर ती उतरली होती. सिगिरिया म्हणजे गेलेल्यांसाठी, तुरुंगात पडलेल्यांसाठी गायचं गाणं; ताल दोन आखूड, दोन लांब आणि पुन्हा एक आखूड ठोक्याचा, लंगडत चालणाऱ्या माणसासारखा. काकांचा आवाज जगात फक्त त्या फितीवर उरला होता.

त्याने गास्पारला फोन केला. गास्पार म्हणाला, "मला काय विचारतोस? आईला विचार."

"विचारतो," एलिसेओ म्हणाला.

त्याने विचारलं नाही. आज नको, उद्या. या आठवड्यात नको, पुढच्या. तेवढ्यात बेर्ताने फीत यंत्रात घेतली, आवाज स्वच्छ केला, तो ठोक्यांच्या चौकटीत बसेना म्हणून जागोजाग ताणला-आखडला, मधली खरखर कापली. पुरं झाल्यावर दोघांनी ऐकलं. एलिसेओच्या अंगावर काटा आला. तो काटा कसला आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं; पण ऐकायला ते फार सुंदर झालं होतं, आणि तो गप्प बसला.

रेकॉर्ड आली, गाजली. पुढे काय घडलं ते त्याला गास्पारने फोनवर सांगितलं. सालुद सकाळी बाजारात फेर्मिनच्या ठेल्यावर मासळी घ्यायला उभी होती. फेर्मिनचा रेडिओ चालू होता. सवयीप्रमाणे ती लक्ष देत नव्हती. आणि मग त्या रेडिओतून तिचा नवरा गायला लागला.

"पडली का?" एलिसेओने विचारलं.

"पडली नाही. मागे वळून बघितलं तिने. मग पिशवी तिथेच ठेवून घरी आली, दार लावलं. दोन दिवस झाले, पाण्यापलीकडे काही घेत नाही. माझ्या मेलेल्यांची शपथ घेऊन सांगतो, एलिसेओ, तू आत्ता आला नाहीस तर परत कधीच येऊ नकोस."

तो दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघाला. बरोबर गिटार घेतली नाही. कोटाच्या आतल्या खिशात कॅसेट घेतली.

दुपारचे तीन वाजले होते. चर्चच्या पायऱ्यांशी नेहमीची म्हातारी मंडळी उन्हात बसली होती. लहानपणापासून ज्यांनी त्याला टपल्या मारल्या त्यांतला एकही "आलास का रे?" म्हणाला नाही. एकाने खुर्ची तेवढी फिरवून पाठ केली. पुढे कोपऱ्यावर त्याची लांबची आत्या आंखेलेस दारात उभी होती, ती मोठ्याने, पण हवेला सांगावं तसं म्हणाली, "लाज विकायला माद्रिदला जावं लागतं होय? इथेही गिऱ्हाईक मिळालं असतं." तो खाली मान घालून पुढे गेला.

दार गास्पारने उघडलं. सालुद स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, काळ्या कपड्यांत, हात मांडीवर. तिने त्याला बस म्हटलं नाही. तो उभा राहिला.

"कुणाला विचारलंस?"

"कुणालाच नाही."

"गास्पार म्हणतो, त्याने तुला सांगितलं होतं, आईला विचार म्हणून."

"हो."

"मग?"

"तू नाही म्हणाली असतीस, काकू."

"म्हणजे माझं उत्तर तुला ठाऊक होतं."

"हो."

तिने मान हलवली. "निदान खोटं तरी बोलला नाहीस. बस आता."

तो बसला. अंगणातल्या नळाचं पाणी ठिबकत होतं. मग ती सांगायला लागली; आवाज चढवला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही.

"लोक काय म्हणतात ते सोड. लोकांना दोन दिवस विषय झाला. मी त्या ठेल्याशी उभी होते. आवाज आला. मला वाटलं, मागे आहेत. खरंच वाटलं रे. तीन वर्षं काळं नेसतेय मी, आणि तरी वाटलं, कामावरून आले, बाजारात मला शोधत आले. म्हणून वळले. मागे कुणी नव्हतं, पण आवाज चालूच. म्हटलं, असू दे, ऐकू या. पहिली ओळ झाली. आता आमचे हे थांबणार. कोठारातल्या ओलीने छाती भरलेली त्यांची. दुसऱ्या ओळीआधी बैलासारखा दम घ्यायचे. तुला आठवतो ना? चाळीस वर्षं मी तो दम शेजारी ऐकत झोपले. तो आलाच नाही. ओळीला ओळ चिकटलेली. घोड्याला चाबूक मारत पळवावं तसं कुणीतरी त्यांना पळवत होतं. तेव्हा मला कळलं, हे ते नाहीत. कातडं त्यांचं आहे, आत दुसरंच कुणीतरी आहे." तिने ओठ आवळले. "दम घ्यायला सुद्धा थांबू दिलं नाहीस रे माझ्या माणसाला."

एलिसेओने टेबलावर कपाळ टेकलं. काकाच्या अंत्ययात्रेत तो रडला नव्हता, कारण खांदा द्यायचा होता. आता रडला. सालुदने त्याला रडू दिलं, पाठीवर हात फिरवला नाही.

"फीत कुठे आहे?" तिने शेवटी विचारलं.

त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली. काकाच्या हस्ताक्षरात त्यावर फक्त "रविवार" लिहिलेलं होतं.

"गास्पार, शेजारून ते यंत्र आण."

"आई," गास्पार म्हणाला, "अगं घरात... काळं अजून उतरलेलं नाही."

"काळं माझं आहे. आण म्हटलं ना."

गास्पारने टेपरेकॉर्डर आणला आणि कॅसेट लावली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग भांड्यावर झाकण पडलं, आणि मग सालुदचाच तेव्हाचा, वैतागलेला आवाज : "गास्पार, दार लाव, मांजर आत येतंय!" गास्पार दचकला. सालुद हसली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मग कोवळ्या हाताची गिटार सुरू झाली, जरा घाईची, आणि बास्तियान गायला. पहिली ओळ. मग तो थांबला, आणि छातीच्या तळातून ओढून, घरघरत त्याने दम घेतला. सालुदने डोळे मिटले. दुसरी ओळ आली तेव्हा तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

गाणं संपलं. फितीवर कुणीतरी दाद देत "ओले" म्हणालं आणि खाट्कन सगळं बंद झालं.

सालुद उठली, कॅसेट काढली आणि अंगणात गेली. भिंतीशी एक पत्र्याचा डबा होता. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याचे कपडे तिने त्यातच जाळले होते. तिने त्यात जुनं वर्तमानपत्र घातलं, वर कॅसेट ठेवली आणि गास्पारकडे काड्यापेटी मागितली. तिला अडवायला शब्द एलिसेओच्या जिभेवर आले होते. त्या फितीवर काका होता, आणि सतरा वर्षांचा तो स्वतःही होता. दोघंही दुसरीकडे कुठेच नव्हते. पण तो बोलला नाही. प्लॅस्टिक वाकलं, आक्रसलं, काळा धूर भिंतीला लागून वर गेला. काडीने ढवळत सालुद ते पूर्ण होईपर्यंत उभी राहिली.

"जे लोकांच्या घरात गेलं ते गेलं," ती म्हणाली. "बाकीचं मिटव."

माद्रिदला परतल्यावर बेर्ताशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं. ते गाणं रेकॉर्डमधलं सगळ्यात उत्तम, दोन वर्षांची मेहनत, आणि तू ते काढून टाक म्हणतोस? त्याने बाजाराचा प्रसंग सांगितला. दम न आल्याचं सांगितलं. बेर्ता एकदम थांबली.

"तो दम होता? मला वाटलं टेपची खरखर आहे." तिचा चेहरा उतरला. "मी तर या यंत्रांची बाई आहे, मला काय कळणार? पण तू माझ्या शेजारी बसला होतास, एलिसेओ. तुला कळत होतं. तू का नाही बोललास?"

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासमोर मूळ आवाज पुसला, एकेक करून, सगळ्या प्रतींमधून. कंपनीला पत्र गेलं. नव्या प्रतींतून ते गाणं गेलं, रेडिओवरून गेलं. विकल्या गेलेल्या प्रती लोकांकडे राहिल्या, त्याला इलाज नव्हता.

पण गाणं काढलं तरी त्याची जागा एलिसेओच्या डोक्यातून जाईना. उन्हाळाभर तो तेच वाजवत राहिला. एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपण साथ वाजवतोय. गाणारा आता ओळ उचलेल म्हणून वाट बघायची, ओळ चालू असताना हलके सूर धरायचे, ओळ संपली की उत्तर द्यायचं. समोर कुणी नव्हतं आणि तो रिकाम्या खुर्चीकडे बघत वाजवत होता. बेर्ता दारात उभी राहून ऐकत होती. तिने ठोक्यांचं यंत्र बंद केलं, आपल्या टेबलाशी येऊन बसली आणि खालचा एकच गंभीर सूर हाताने धरून ठेवला. तो थांबला की ती थांबे, तो निघाला की निघे. ठोका मोजून देणारं आता कुणीच नव्हतं. तिला ते जमायला दोन महिने लागले. त्या दिवसांत ती वैतागून म्हणायची, "तू नक्की कुठे थांबणार आहेस ते आधी सांगत जा ना!" आणि तो म्हणायचा, "मलाही आधी कळत नाही."

सप्टेंबरात, द्राक्षांच्या हंगामात, हेरेसमधल्या एका जुन्या वाइनच्या कोठारात रविवारी दुपारी बाराला त्यांचा कार्यक्रम ठरला. एलिसेओला नाही म्हणायचं होतं. गास्पारच म्हणाला, "ये. लपून किती दिवस राहशील?"

लोक आले. पिंपांच्या रांगांमधे खुर्च्या मांडल्या होत्या. ओलसर लाकडाचा आणि वाइनचा वास होता. चर्चच्या पायऱ्यांवरची म्हातारी मंडळी मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसली, जणू पंचायतच भरली होती. सालुद येणार नव्हतीच. सगळ्यात शेवटी त्यांनी सिगिरिया घेतली. एलिसेओने सुरावट मांडली, मग हात हलका केला, आणि जिथे आवाज यायचा तिथे कुणी गायलं नाही. बेर्ताचा सूर जमिनीतून आल्यासारखा येत राहिला. एक ओळ जाईल इतका वेळ गेला. मग थोडं थांबणं. मग दुसरी ओळ जाईल इतका वेळ.

ते गाणं कुणाचं होतं हे त्या कोठारातल्या प्रत्येकाला कळलं. नाव कुणी घेतलं नव्हतं, आवाज कुणी लावला नव्हता. संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. पहिल्या रांगेत गास्पार गुडघ्यांवर कोपरं टेकून, हातांत तोंड घालून बसला होता. मागून एक म्हातारा खाकरला आणि हळूच "ओले" म्हणाला, आणि टोपी हातात घेऊन बाहेर गेला. त्याच्यामागून बाकीचे. आत्या आंखेलेस मात्र जाताना एलिसेओजवळून गेली आणि त्याच्याकडे न बघताच गेली. तिने त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

जानेवारीत गास्पारकरवी निरोप आला. गुरुवारी जेवायला या. त्या मुलीलाही आण. आणि गिटार.

सालुदने हरभरे, भाजी आणि डुकराच्या मांसाचं मोठं पातेलं शिजवलं होतं. बेर्ताला तिने पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तूच का, माझ्या नवऱ्याचा दम कापणारी?"

बेर्ता लाल झाली. "हो. मला माहीत नव्हतं, बाई."

"माहीत नव्हतं म्हणतेस ते बरं. याला होतं." तिने एलिसेओकडे हनुवटी केली. "घे, वाढून घे. काडीसारखी झालीस. माद्रिदला काय वारा खाता का?"

जेवणं झाली. सालुदने टेबल पुसलं आणि बसली.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "पुरे आता. मला तुम्हाला एक सांगायचंय, हे जिवंत असताना ते सांगता आलं नसतं. ती सिगिरिया यांची नव्हती. माझ्या आईची होती. ती कपडे धुताना गायची. लग्नानंतर यांनी तिच्याकडून उचलली आणि तिसऱ्या ओळीतला शब्द बदलला. आई तीन महिने बोलली नाही यांच्याशी."

"काय सांगतेस!" गास्पार म्हणाला. "आजी? बाबांशी?"

"तुझ्या बाबांना काय, आवाज होता, लोक ऐकायला यायचे, त्यांचंच झालं सगळं. मीसुद्धा गायचे लग्नाआधी. ते म्हणाले, चारचौघांत बायकोने गाणं मला नाही आवडत. मी म्हटलं, बरं." तिने एलिसेओकडे बघितलं. "तेव्हा रिकाम्या जागेकडे बघत वाजवायचं तेवढं पुरे. इकडे बघ."

एलिसेओने गिटार लावली. सालुद गायली. आवाज लहान होता, कोरडा, वर जाताना चिरत होता. पण कुठे थांबायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिसरी ओळ आली. बास्तियान तिथे "तुरुंग" म्हणायचा. सालुद "विहीर" म्हणाली, आणि त्या एका शब्दाने गाणं बाईचं झालं. गास्पार आपल्या आईकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत राहिला.

संपल्यावर बेर्ताने भीतभीत विचारलं, "बाई, माझ्या बॅगेत यंत्र आहे. मी पुन्हा कधी..."

"आज नाही," सालुद म्हणाली. "पुढच्या गुरुवारी बघू."

पुढच्या गुरुवारी तिने होकार दिला. त्या हिवाळ्यात त्यांनी स्वयंपाकघरात सहा गाणी उतरवली. बेर्ताने त्यांना हात लावण्याआधी प्रत्येक वेळी विचारलं, दोनदा सालुद "हे गिरणीसारखं वाटतं" म्हणाली आणि ते गेलं, एकदा म्हणाली, "हा पाण्याचा आवाज राहू दे, आई तशीच विहिरीवर बसायची." रेकॉर्डवर स्वतःच्या नावाआधी आईचं नाव घालायला लावलं. गावात कुणी कुरकूर केली की ती दारात उभी राहून म्हणायची, "माझं तोंड, माझं गाणं. तुमचं काय जातंय?"

दोन वर्षांनी फेब्रुवारीत ती झोपेतच गेली. एलिसेओ आला, या वेळीही त्याने खांदा दिला. अंगणात गास्पारने तिचे कपडे जाळले, आणि एलिसेओने आत जाऊन उजव्या हाताची नखं, जपून वाढवलेली, गिटार ज्यांनी वाजते ती, कातरीने पार मुळापर्यंत कापली. माद्रिदला जायच्याऐवजी तो गास्पारबरोबर द्राक्षमळ्यात छाटणीच्या कामाला लागला.

बेर्ताला त्याने काही कळवलं नव्हतं. कळवायचं त्याला सुचलंच नाही. तीन आठवड्यांनी त्याला आठवलं की मार्चमधे लिस्बनला कार्यक्रम आहे, आणि त्याने घाबरून गास्पारच्या फोनवरून तिला फोन केला.

"रद्द केला," बेर्ता म्हणाली. "लिस्बन, टुलूझ, सगळे. आणि रेकॉर्ड बाजारातून काढून घेतली. रेडिओवाल्यांनाही सांगितलं, या बाईंचा आवाज सध्या लावू नका." ती थांबली. "बरोबर केलं ना? मी गास्पारला विचारून केलं. त्याला विचारलं, किती दिवस? तर म्हणाला, आम्ही मोजत नाही, कळतं."

"बरोबर केलंस," तो म्हणाला.

वर्ष गेलं. वेलींना पालवी फुटली, द्राक्षं आली, खुडली, पुन्हा छाटणी झाली. बेर्ता महिन्यातून एकदा फोन करी, हवापाण्याचं बोले, गिटारीचा विषय काढत नसे. चौदाव्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी एलिसेओनेच तिला फोन केला.

"काय म्हणतोस?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "नखं वाढवायला घेतलीत."